चांगल्या वागणुकीचा दाखला

माझ्या भावाला खोटं बोलता येत नाही. हे मी कौतुकाने सांगतेय असं कृपा करून समजू नका. एखाद्याला पोहता येत नाही, एखाद्याला शिट्टी वाजवता येत नाही, तसं याला खोटं बोलता येत नाही. अपंगत्वच म्हणा. अडतीस वर्षांचा घोडा झालाय, पण घरात अजून बारक्याच आहे, आणि बारक्याला काही विचारलं की तो आधी छताकडे बघतो, मग जे खरं असेल ते सांगून मोकळा होतो. मग निस्तरायला आहेच ताई.

ताई म्हणजे मी. ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काउंटरवर बसते. लोकांच्या कोटांचे खिसे तपासून त्यातल्या वस्तू पाकिटात घालून परत देणं हे माझं काम, त्यामुळे माणसं कुठे काय लपवतात हे मला चांगलं माहीत आहे. नवरा आहे, पण तो कुठे आहे हे विचारू नका. घरात आम्ही तिघं: मी, बारक्या आणि बाबा. बाबांना तीन वर्षांपूर्वी झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. सगळे शब्द गेले, एक तेवढा शाबूत राहिला: गाढव. भूक लागली की गाढव, उशी सरकली की गाढव, डॉक्टर आले तरी गाढव. जन्मभर शाळेत शिपाई होते, तीनशे पोरांना याच शब्दाने हाकलं, तोच शेवटी उपयोगी पडला.

बाबांना उचलणं हे बारक्याचं काम. सकाळी पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीत, तिथून परत. दिवसातून चार-पाच वेळा. आम्ही मदतीला दोन बायका ठेवून पाहिल्या. एकीची कंबर धरली, दुसरीला बाबा इतक्यांदा गाढव म्हणाले की ती तिसऱ्या दिवशी आलीच नाही. मला तर जमतच नव्हतं, ते माझ्या हातातून पोत्यासारखे निसटायचे. बारक्या मात्र त्यांना असा उचलायचा की वाटावं, दोघं मिळून काहीतरी नाचतायत.

बारक्या शिलाई मशीनचा मेकॅनिक आहे. एका कपड्यांच्या वर्कशॉपमध्ये तीस मशीन त्याच्या हाताखाली होत्या. मशीन बिघडली की तो आधी तिला हातही लावत नाही, शेजारी उभा राहून नुसता ऐकतो. आणि एक वाईट खोड अशी की बिघडलेली वस्तू दिसली की ती नीट केल्याशिवाय त्याला पुढे जाता येत नाही. कुणाच्या घरी पाहुणा म्हणून गेला तरी दाराचा कडीकोयंडा घट्ट करून येतो. लोक म्हणतात गुणी आहे. असेल बाबा. भोगतोय कोण?

तर या वर्कशॉपमधली सात नंबरची मशीन टाके सोडत होती. मालक म्हणाला, तुला जमत नाही. बारक्या म्हणाला, मला जमतं, पण तुम्ही आणलेला खालच्या धाग्याचा शटल हलका आहे, तो बदला. हे त्याने चार गिऱ्हाइकांसमोर सांगितलं. खरं होतं ना, मग सांगायला नको? मालकाने त्याला त्याच दिवशी काढलं आणि त्याची अवजारांची पेटी ठेवून घेतली. उद्या ये म्हणाला. बारक्या उद्या गेला, परवा गेला, तेरवा गेला. अवजारं म्हणजे मेकॅनिकचे हात. त्यांच्याशिवाय दुसरीकडे काम मागायला जायचं कसं? मी म्हटलं, मी येते, मालकाला दोन शब्द ऐकवते. तर म्हणे, नको ताई, तू ओरडतेस.

मी ओरडले असते तर बरं झालं असतं. आठवड्याच्या सुट्टीला, भर दुपारी, हा शहाणा वर्कशॉपच्या मागच्या बाजूला गेला. तिथे काचेच्या पट्ट्यांची खिडकी आहे. याने एकेक पट्टी अलगद काढली, भिंतीला टेकवून ओळीने लावून ठेवली, आत शिरला, पेटी घेतली. एवढ्यावर यायचं की नाही बाहेर? पण वाटेत सात नंबर उभी होती. पेटी हातात, मशीन समोर, बघणारं कुणी नाही. हा बसला! पाऊण तास बसून, जुन्या मशीनचा शटल काढून घातला, सुईचा मेळ लावला, तेल दिलं, एका चिंधीवर टीप मारून बघितली. मग बाहेर येऊन काचेच्या सगळ्या पट्ट्या होत्या तशा परत बसवल्या.

दुसऱ्या दिवशी सात नंबरवरची बाई ओरडली, अहो, ही तर लोण्यासारखी चालतेय! मालकाने मशीनकडे बघितलं, चिंधीकडे बघितलं, पेटीच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. पुढचं सांगायला पोलीस कशाला हवेत? चोराने पावलांचे ठसे ठेवले नव्हते, टीप मारून ठेवली होती.

आणि पेटीत मालकाचे चार नवेकोरे शटल होते, पाकिटातले. मधल्या दिवसांत कुणीतरी टाकून ठेवले होते. याने पेटी उघडून बघितलीच नव्हती. बंद जागेत खिडकी काढून शिरला आणि दुसऱ्याचा माल घेऊन आला. याला घरफोडी म्हणतात. चौकीवर विचारलं, गेला होतास का? याने छताकडे बघितलं आणि म्हणाला, हो.

बारक्या जामिनावर घरी आला, तारखा पडत गेल्या. वकीलसाहेब घाईतले होते. एका हाताने फाइल, एका हाताने फोन. त्यांनी बारक्याला विचारलं, जेलमध्ये वगैरे कधी जाऊन आलायस का? बारक्या म्हणाला, नाही. पोलिसांच्या कागदावरही 'पूर्वीचा गुन्हा' या रकान्यात निरंक लिहिलं होतं. वकीलसाहेब खूश झाले. म्हणाले, मग काय काळजी नाही. माल परत मिळाला, कुणाला खरचटलं नाही, पहिलीच वेळ आहे. गुन्हा कबूल करून टाकू, जजसाहेब प्रोबेशनवाल्या बाईंचा रिपोर्ट मागवतील, रिपोर्ट चांगला आला की चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडतील. जेल नाही. महिन्यातून एकदा सही करायची, झालं. मी त्या दिवशी तीन महिन्यांनी पोटभर जेवले.

आता एकोणीस वर्षं मागे चला.

बारक्या एकोणीस वर्षांचा होता आणि लंब्या नावाच्या एका कार्ट्याच्या नादी लागला होता. दोघांनी मिळून एका बंद गोदामाच्या मागच्या खिडकीतून दोन टेबलफॅन काढले. कशाला, तर मोटर उघडून बघायला. लंब्याने त्याच्या वाटचा विकला. बारक्याने आपला पलंगाखाली ठेवला, तिथे तो बाबांच्या पायाला लागला. बाबांनी विचारलं, कुठून आणला? याने छताकडे बघितलं.

बाबांनी एका हातात पंखा घेतला, दुसऱ्या हातात याचा कान, आणि भर रस्त्यातून, सगळी गल्ली बघत असताना, याला चौकीवर नेलं. आई मागून रडत, मी आईच्या मागून. बाबांचं एकच पालुपद, खरं सांगितलं की पाटी कोरी होते. चौकीवरच्या हवालदाराला सुद्धा कळेना की या माणसाचं काय करावं. बारक्याने स्वतःचं सगळं सांगितलं, पण लंब्याचं नाव काही त्याच्या तोंडून निघालं नाही. याला खोटं बोलता येत नाही, पण गप्प बसता येतं. लंब्याची आता चौकात विजेच्या सामानाची दोन मजली शोरूम आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं.

तेव्हाच्या जजने वय बघितलं, बाप स्वतः घेऊन आलाय हे बघितलं आणि बारक्याला एक वर्षाच्या चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडलं. वर्षभर दर महिन्याला बाबा त्याला सहीला घेऊन जायचे, स्वतः इस्त्रीचा शर्ट घालून, मुलाच्या शाळेत बक्षीस समारंभाला जावं तसे. वर्ष संपल्यावर तिथून एक कागद मिळाला: सदर इसमाने मुदतीत चांगली वागणूक ठेवली, अटींचे पालन केले. खाली सही, गोल शिक्का. बाबांनी त्याला प्लास्टिकचं कव्हर चढवून घेतलं आणि कपाटात आमच्या शाळेच्या निकालांबरोबर ठेवला. आमच्या घरात कुणाच्या चांगल्या वागण्याचा सरकारी शिक्क्यासकट पुरावा तेवढाच. आम्ही तो अभिमानाने बाळगला. यात लपवण्यासारखं काही आहे असं आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नाही. पाटी कोरी झाली होती ना!

आता प्रोबेशनवाल्या बाई घरी आल्या तो दिवस. सकाळी आठला आल्या, बाबांच्या आंघोळीच्या वेळी. चष्मा, कापडी पिशवी, बोलायला मऊ. मी म्हटलं, थोडं थांबा, तर म्हणाल्या, नाही नाही, तुमचं चालू द्या, मी बघते. दारात उभं राहून त्यांनी बघितलं. बारक्याने बाबांना उठवलं, डोलवलं, खुर्चीत बसवलं, पाठ चोळली, कानामागे साबण राहिला होता तो पुसला. बाबा सहा वेळा गाढव म्हणाले. बाईंनी वहीत बरंच काही लिहिलं. मला लांबून दिसलं, अक्षर घाईचं होतं, म्हणजे मनापासूनचं असणार.

मग चहा घेताना त्यांनी विचारलं, यांच्या वागणुकीबद्दल आणखी कुणी काही सांगू शकेल का? शेजारच्यांशी बोललेय, चौकातल्या एका शोरूमवाल्यांनीही फार चांगलं सांगितलं.

लंब्याने! मी चहाचा घोट कसा गिळला ते माझं मला माहीत. बारक्याने छताकडे बघितलं. आणि माझं डोकं सटकलं. म्हटलं, त्या शोरूमवाल्याची साक्ष लागावी इतके वाईट दिवस आले का आमच्यावर? तेवढ्यात बाबा खुर्चीतून डाव्या हाताने कपाटाकडे बोट करायला लागले. गाढव, गाढव! मला लगेच कळलं. बारक्या "ताई, अगं…" एवढंच म्हणाला, पण मी ऐकते थोडीच? खालचा खण ओढला, निकाल बाजूला केले आणि दाखला काढून बाईंच्या पुढ्यात ठेवला. म्हटलं, हे घ्या. शेजाऱ्यापाजाऱ्यांचं सोडा, सरकारने लिहून दिलंय आमच्या पोराबद्दल.

बाईंनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. मग हळूच म्हणाल्या, "ताई, हे मला रिपोर्टमध्ये लिहावं लागेल."

"लिहा ना!" मी म्हटलं. "ठळक लिहा!"

हात दाखवून अवलक्षण म्हणजे काय, हे शाळेत मला कधी नीट कळलं नव्हतं.

बाईंनी समजावून सांगितलं. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं, पण त्या मऊपणानेच बोलत राहिल्या. पहिल्या वेळी जेल झाली नसली तरी कोर्टाने दोषी ठरवलं होतं. वर्ष नीट काढलं म्हणून जेल टळली, नोंद काही पुसली गेली नाही. कागद कुठल्या तरी जुन्या कपाटात पडला असेल म्हणून पोलिसांना सापडला नाही. आणि गुन्हा तोच, बंद जागेत खिडकीतून शिरण्याचा. मी हात पुढे केला. म्हटलं, द्या इकडे ते. त्या म्हणाल्या, "कागद घ्या तुम्ही, पण मी वाचलंय ना." आणि खरंच, ती बाई तरी काय करणार? तिलाही खोटं लिहिता येत नव्हतं. माझ्या नशिबात सगळी तसलीच माणसं.

वकीलसाहेबांनी फोन बाजूला ठेवला, आयुष्यात पहिल्यांदा बहुधा. "तुम्ही दिलंत? तुम्ही, स्वतःच्या हाताने?" आणि कपाळावर हात मारून घेतला. मी म्हटलं, तुम्ही याला जेलचं विचारलंत, तो जेलमध्ये गेला नव्हता, खरं तेच बोलला, केस झाली होती का असं विचारलं असतंत तर सगळं सांगितलं असतं त्याने. त्यांनी फाइल पुन्हा उघडली. मग म्हणाले, पहिल्या वेळचा गुन्हेगार असता तर सवलत जवळजवळ खिशात होती. आता सरकारी वकील उभा राहून म्हणणार, सवलत एकदा दिली, तरी हा पुन्हा खिडकीतून शिरला. शिक्षा उलट वाढवून मागणार.

"अहो, मध्ये एकोणीस वर्षं गेली! एकोणीस वर्षांत याने कुणाची टाचणी घेतली नाही!"

"तेच मी मांडणार आहे," ते म्हणाले, "पण मांडणं वेगळं आणि मिळणं वेगळं."

कोर्टात तसंच झालं. सरकारी वकिलाने दोन वर्षं मागितली. जजसाहेबांनी रिपोर्ट वाचला, एक पान उलटून परत मागे आले. मग बारक्याला विचारलं, "काचेच्या पट्ट्या परत का बसवल्या? पुरावा लपवायला?"

मी मनात म्हटलं, मेल्या, आता तरी तोंड बंद ठेव. त्याने छताकडे बघितलं. कोर्टाचं छत फार उंच आहे, वेळ लागला.

"नाही साहेब. उघडं राहिलं असतं तर वारा आला असता. धाग्यांचा गुंता होतो."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. जजसाहेब हसले नाहीत. त्यांनी सांगितलं, मध्ये गेलेली वर्षं, घरची परिस्थिती आणि जुनी नोंद घरच्यांनीच समोर आणली, हे सगळं लक्षात घेऊन शिक्षा कमी करत आहे. पण एकाच प्रकारच्या गुन्ह्यात दुसऱ्यांदा हमीवर सोडता येणार नाही. नऊ महिने. वडिलांची व्यवस्था लावण्यासाठी दहा दिवसांची मुदत. घरच्यांनीच समोर आणली! वर माझं कौतुक!

मी बाहेर येऊन व्हरांड्यात इतकी बोलले, इतकी बोलले की शिपाई येऊन म्हणाला, बाई, आत काम चालू आहे. मी कायद्याला बोलले, मालकाला बोलले, त्या लंब्याला बोलले. बारक्या पेटी हातात धरून उभा होता. तेवढी एक कोर्टाने परत दिली होती, शटल वगळून. मी दमल्यावर म्हणाला, "ताई, दहा दिवसांत तुला शिकवतो."

आणि शिकवलं. मशीन शिकवावी तसं शिकवलं. ओढायचं नाही, ताई, तू ओढतेस. आपले गुडघे त्यांच्या गुडघ्यांना टेकव, म्हणजे पाय घसरत नाहीत. दोन्ही हात काखेखालून मागे ने आणि पाठीवर एकात एक गुंतव. आता तीन वेळा डोलव. तिसऱ्याला ते स्वतःच वर येतात, तू फक्त वळायचं. माझ्या हातून बाबा दोनदा पलंगावर आपटले, एकदा मी त्यांच्या अंगावर पडले. बाबा बोंबलत होते, गाढव, मीही बोंबलत होते, तुम्ही गाढव, आणि बारक्या शेजारी उभा राहून ऐकत होता, बिघाड कुठे आहे ते. सातव्या दिवशी जमलं. नवव्या दिवशी माझी पाठ दुखली नाही.

दहाव्या दिवशी सकाळी त्याने हात लावला नाही. दाढी करून, धुतलेला शर्ट घालून, पिशवी दाराशी ठेवून पलंगाच्या बाजूला उभा राहिला. म्हणाला, "तू कर, मी बघतो."

मी गुडघे टेकवले, हात मागे नेऊन गुंतवले, एकदा डोलवलं, दोनदा डोलवलं, तिसऱ्याला बाबा उभे राहिले. माझ्या खांद्यावरून त्यांचा डावा हात बाहेर आला आणि बारक्याच्या तोंडाकडे गेला. चाचपडत त्यांनी त्याचा कान धरला. तोच कान, जो धरून गल्लीतून नेलं होतं. बारक्याला वाटलं, काही हवंय. तो वाकला. म्हणाला, "काय बाबा?"

बाबांनी त्याचा कान सोडला. हात मागे आणला आणि स्वतःचा कान धरला. घट्ट धरला. "गाढव," ते म्हणाले. "गाढव."

तीन वर्षांत तो शब्द त्यांनी पहिल्यांदाच स्वतःला लावला. "बाबा, असं नका हो करू," असं म्हणत बारक्या त्यांची बोटं कानावरून सोडवायला लागला, आणि ते सोडीनात.

दाखला त्यांनी नुसता दाखवला होता. खणातून काढून बाईंच्या हातात दिला होता मी, ठळक लिहा म्हणाले होते मी. कान खरं तर मी धरायचा होता. पण बाबांचा सगळा भार माझ्यावर होता, आणि बारक्याने शिकवलं होतं तसे माझे दोन्ही हात त्यांच्या पाठीवर एकात एक गुंतलेले होते. एक जरी सोडला असता तर बाबा पडले असते.